नेइमात बाहेर येते

टेप अडकली असं एमलेनला वाटलं. पडद्यावरची बाई चर्चच्या दारातून बाहेर आली, पायरीवर थबकली, उन्हानं डोळे बारीक करून तिनं हाताशी धरलेल्या मुलीला जवळ ओढलं, आणि दोघी डावीकडे चालत दिसेनाशा झाल्या. मग कुणीतरी खडूनं आकडे लिहिलेली पाटी समोर धरली, काढून घेतली, आणि तीच बाई त्याच दारातून पुन्हा बाहेर आली. एमलेननं हातातला डोनट कागदावर ठेवला, बोटं फ्रॉकला पुसली आणि यंत्र बंद केलं. मार्शल बेटांतल्या माजुरोच्या खाऱ्या हवेत काहीच टिकत नाही. उलिगाच्या रस्त्यावरच्या तिच्या दुकानात टेपा भाड्यानं मिळत, कुणी आणून दिली तर प्रतही काढून मिळे, आणि या दोन यंत्रांची पोटं कापसाच्या बोळ्यानं पुसण्यात तिचं निम्मं आयुष्य जात होतं. तिनं झाकण उघडलं, पुसलं, फुंकर मारली, टेप परत आत ढकलली. बाई बाहेर आली. थबकली. पाटी आली, गेली. बाई बाहेर आली. या वेळी मात्र एमलेनच्या लक्षात आलं की चर्चच्या झावळ्यांच्या छपराची सावली मघाशी पायरीच्या खाली होती, ती आता पायरीवर चढली आहे, आणि मुलगी बाईच्या उजव्या हाताला होती ती डाव्या हाताला आली आहे. म्हणजे टेप ठीक होती. त्या बाईलाच परत आत पाठवलं होतं, आणि परत बाहेर यायला लावलं होतं.

टेप सकाळी बिकिनीच्या लोकांच्या कचेरीतला माणूस देऊन गेला होता. अमेरिकेच्या अणुबाँबच्या चाचण्यांसाठी बिकिनी बेट सोडल्याला मार्चमध्ये पन्नास वर्षं होणार, त्या कार्यक्रमात दाखवायला म्हणून अमेरिकी लष्कराच्या जुन्या फितींतून ती मागवलेली होती. आपल्या लोकांत घराघरातून मागणी येईल, तेव्हा प्रती काढून ठेव, एवढंच तो बोलला होता. एमलेननं यंत्र लावून दिलं होतं आणि न्याहारीला बसली होती. आधीचा भाग तिनं धड पाहिलाही नव्हता. सपाट तळाच्या बोटी किनाऱ्याला लागतात, त्यांचं तोंड उघडतं, सैनिक वाकून पळतात, शेंडे उडालेले माड नुसते खांबांसारखे उभे असतात. क्वाजालीनची लढाई असेल, नाहीतर दुसऱ्या कुठल्या बेटाची. असल्या फिती इथे जन्मलेल्या प्रत्येकानं पाहिलेल्या असतात. त्यांत माणसं फार लांब असतात आणि धूर जवळ. आवाज नव्हता. तिच्या दुकानातला पंखा आणि बाहेरून जाणाऱ्या टॅक्सींचे भोंगे, एवढाच त्या लढाईचा आवाज. आणि मग एकाएकी ते झावळ्यांचं छप्पर, पांढऱ्या पँटी घातलेले आपले लोक, आणि ही बाई. पडद्याच्या कडेला एक हात होता. कोपरापर्यंत गुंडाळलेली बाही, मनगटावर घड्याळ. तो हात हवेत एक गोल काढायचा, पुन्हा एकदा, असं सांगायचा, आणि सगळे माघारी वळायचे.

पुढच्या खेपेला बाईला पायरीवर जास्त वेळ थांबवलं होतं. मुलगी कंटाळली होती. एका पायावर उभी राहून ती दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं पोटरी खाजवू लागली, आणि एमलेनच्या अंगावर सरसरून काटा आला. अशी उभी राहणारी एकच व्यक्ती तिला ठाऊक होती. चुलीपुढे भात ढवळताना, चर्चमध्ये प्रार्थनेला उभं असताना, दवाखान्याच्या खिडकीशी, आयुष्यभर तिची आई अशीच एका पायावर उभी राहून पोटरी खाजवत आलेली होती, आणि एमलेन आयुष्यभर म्हणत आली होती की आई, लोक बघतात. मुलगी आठ-नऊ वर्षांची होती. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. मग मुलीचा हात धरलेली ती बाई कोण, हे कळायला एखादा श्वास पुरेसा होता. नेइमात. तिची आजी. जिचा एकही फोटो नाही, बिकिनीहून ज्या बेटावर नेलं त्या रोंगेरिकच्या उपासमारीत जी दुसऱ्या वर्षी गेली, जिच्या थडग्यापाशी जायला बोट नाही, आणि जिचा चेहरा एमलेनला तोंडपाठ होता, कारण आईच्या म्हणण्याप्रमाणे तो रोज सकाळी आरशात दिसायचा.

तो चेहरा पडद्यावर नव्हता. पडद्यावर हेमिनाचा चेहरा होता. एमलेनची मोठी बहीण हेमिना, जी सात वर्षांपूर्वी भांडून अमेरिकेला निघून गेली, आर्कान्सात कोंबड्या कापायच्या कारखान्यात लागली आणि नाताळला तेवढा फोन करते, तिचं ते बसकं नाक, तिच्या त्या जुळू पाहणाऱ्या भुवया, खालचा ओठ किंचित पुढे काढून जगाकडे बघायची तिची ती रीत. एमलेननं चित्र थांबवलं. थांबलेलं चित्र थरथरत होतं. ती पुढे झुकली, आपलं लांब नाक, आपली निमुळती हनुवटी हातानं चाचपून पाहिली, आणि पडद्यावर शोधू लागली. कान तरी. कपाळ तरी. काहीच नव्हतं.

“गं एमलेन, कुस्ती लाव,” असं म्हणत अनितोक मामा आत आले. हे आईचे मावसभाऊ. रोज दुपारी जेवण झालं की ते काठी टेकत दुकानात यायचे, खोक्यावर बसायचे आणि फुकटात अमेरिकन कुस्ती बघायचे. त्या बदल्यात ते गिऱ्हाइकांना वाईट टेपा न नेण्याबद्दल सल्ला द्यायचे, त्यामुळे एमलेनचं नुकसानच व्हायचं. आज ते अर्धे बसले आणि तसेच राहिले.

“ती नेइमात आहे,” ते म्हणाले.

“मामा, नीट बघा.”

“नीट काय बघा. तिनं मला खेकड्यांवरून मारलंय. मार खाल्लेला माणूस चेहरा विसरत नाही.” मग ते खोक्यावर टेकले, डोळ्यांवरचा चष्मा काढून शर्टानं पुसला. “जरा पुढे घे. तिच्यामागून एक बिनशर्टाचा पोरगा येईल. देखणा.”

एमलेननं टेप सोडली. हाडं मोजून घ्यावीत असा एक पोरगा दारातून आला आणि कॅमेऱ्याकडे बघून दात काढत गेला.

“हा मी,” मामा म्हणाले. “बघ, काय रूप होतं. म्हणून त्यांनी मला इतक्या वेळा चालवलं. सकाळपासून उन्हात. चर्च सुटलेलंच नव्हतं गं, चर्च झालं होतं आधीच. आत जायचं, गाणं म्हणायचं, बाहेर यायचं. परत आत जा. मला वाटलं, हे लोक आपल्याला नीट चालायला शिकवतायत, म्हणजे दुसऱ्या बेटावर गेल्यावर अडचण नको.” ते हसले, मग हसणं तसंच तोंडावर ठेवून गप्प झाले. बाई पुन्हा बाहेर आली होती. “तुझ्या आईला, लिबोनला, दाखवलंस?”

“नाही अजून.”

“आज ने. तिचा एक डोळा गेलाय, दुसऱ्याचा काय भरवसा.”

“नेते मामा. पण तुम्ही तिला काही सांगू नका. मी सांगेन.”

“मी कुणाला काय सांगतो,” मामा म्हणाले, पण संध्याकाळपर्यंत बातमी बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायची असेल तर लोक मामांपाशीच बोलत.

त्या संध्याकाळी ती डेलापकडे घरी निघाली तेव्हा टेप तिच्या पिशवीत होती, भाताच्या पुड्यावर, आणि टॅक्सीत आणखी तीन बायका दाटीनं बसल्या होत्या. एका बाजूला आतला समुद्र गुळगुळीत पडलेला, दुसऱ्या बाजूला बाहेरचा समुद्र दगडांवर आपटणारा, आणि मध्ये रस्त्याएवढी जमीन. किलीला आतला समुद्र नव्हताच. किली बेटावर, जिथे शेवटी सगळ्यांना वसवलं आणि एमलेन जन्मली, चहूबाजूंनी बाहेरचाच समुद्र होता. वर्षातले कितीतरी महिने बोट किनाऱ्याला लागू शकत नसे, आणि जहाज लांब उभं राहून तसंच निघून गेलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं, तांदळासकट. तेव्हा आई हेमिनाला मारायची. कशावरूनही. पाणी सांडलं म्हणून, पीठ चाटलं म्हणून, जहाज गेलं म्हणून. हेमिना ओठ पुढे काढून मार खायची आणि त्यानं आई आणखी चिडायची. एमलेनवर हात उचलला तरी तो हवेतच राहायचा. आई तिच्या तोंडाकडे बघायची आणि हात खाली यायचा. “माझ्या आईला कसं मारू,” ती म्हणायची. तिला जवळ ओढायची, खोबरेल लावून केस विंचरायची, आणि मध्येच हाक मारायची, नेइमात. डब्यातल्या मटणाचा वरचा तुकडा एमलेनला. केवड्याच्या पातींची नवी चटई एमलेनला. हेमिना पलीकडे बसून बघायची, आणि एकदा, दोघी कोरड्या झावळ्या गोळा करत असताना, अगदी शांतपणे म्हणाली होती, “तुझं तोंड चांगलं आहे म्हणून तू जिवंत आहेस.” एमलेनला ते खरं वाटलं होतं. आपल्याला मिळतं ते आपल्याला मिळत नाही, ते कुणा दुसरीला मिळतं आणि आपण फक्त वाटेत उभ्या असतो, हे तिला फार लवकर कळलं होतं. तरी ते मिळणं गोड होतं. लहान असताना ती हळूच तळहाताच्या ओंजळीत आपला चेहरा धरून झोपायची, रात्रीतून तो बदलू नये म्हणून.

आणि आता आई ज्या चेहऱ्याला चापट्या मारत आली, तोच तो चेहरा होता. हे टॅक्सीत तिच्या मनात इतकं स्पष्ट उमटलं की शेजारच्या बाईनं विचारलं, “पोटात दुखतंय का?”

घरी आई दारात बसून भाजलेला नीरफणस सोलत होती. काळं साल बोटांनी चाचपायची, खरवडायची, आणि गर चाखून बघायची, डोळ्यांनी नाही. साखरेच्या दुखण्यानं तिचा डावा डोळा गेल्या वर्षी गेला, आणि उजव्याबद्दल डॉक्टर म्हणत होते की होनोलुलूला पाठवू, यादीत नाव आहे, पण यादी लांब आहे. एमलेनचा नवरा आंतरबेटांच्या जहाजावर खोबरं गोळा करत हिंडायचा, महिन्यातून दोनदा घरी. बाकी दिवस या दोघीच. पिशवी भिंतीला टांगताना एमलेनला वाटलं, टेप आतून बोलेल.

“आज उशीर,” आई म्हणाली.

“टॅक्सी मिळेना.”

“कचेरीवाल्यांची टेप आली म्हणे तुझ्याकडे.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कोण लागतं. मला डोळा एक आहे, कान दोन्ही आहेत.” तिनं गराचा मोठा तुकडा वाटीत टाकून वाटी पुढे सरकवली. “काय आहे त्यात? तोच तो धूर?”

“धूरच जास्त आहे,” एमलेन म्हणाली.

“मग मला नको. धुराचं कौतुक त्यांना. आम्ही रोंगेरिकला होतो तेव्हा. सगळे किनाऱ्यावर उभे राहून बघत होते. मी नाही गेले. आई चूल फुंकत होती, मी तिच्यापाशी बसले. धूर तिथेही होता.” आई हसली. रोंगेरिकबद्दल ती एवढंच बोलायची, चुलीपर्यंत, त्याच्या पुढे कधी नाही. तिथले मासे खाऊन हातपाय बधिर व्हायचे, माड कमी, नाइलाजानं कोवळे माडही तोडून आतला गाभा खाल्ला, हे एमलेनला मामांकडून कळलेलं होतं. नेइमात आपला वाटा पोरांना द्यायची आणि जेवले म्हणून सांगायची, हेही मामांकडून.

मग काही दिवस एमलेननं काहीच केलं नाही. रोज टेप दुकानात न्यायची आणि घरी आणायची, जसं एखादं आजारी पिल्लू कुणी एकटं सोडत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती लावून बघायची. बाई बाहेर यायची. पहिल्या खेपेला तिच्या चालण्यात लाज होती, पुढे पुढे कंटाळा, आणि शेवटच्या खेपेला, ऊन डोक्यावर आलेलं असताना, ती कुणाशी तरी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होती, बहुधा त्या हाताविषयी, आणि बोलताना ओठ हेमिनासारखाच पुढे येत होता. एमलेनला तिची माया वाटू लागली होती आणि राग येत होता, दोन्ही एकाच वेळी. तू अशी कशी, असं तिला विचारावंसं वाटे. मी तुझ्या नावानं सगळं घेतलं. आता तू इथे बाहेर येतेस आणि म्हणतेस, मी ती नव्हेच. आणि मग, अगदी तळातून, तो दुसरा विचार वर यायचा, ज्याला ती पुरता वर येऊ देत नसे: आईचा उजवा डोळा फार दिवस राहणार नाही. काहीच करायचं नाही. नुसतं थांबायचं. यादी लांब आहे. मग टेप दाखवली काय, न दाखवली काय, पडद्यावरून नुसता उजेड हलताना तिला जाणवेल, आणि ती एमलेनच्या चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणेल, तू आहेस ना. याला खोटं कोण म्हणेल? कुणीच काही केलेलं नसेल. हा विचार इतका मऊ होता, इतका मायेचा वाटायचा, की त्याचा वास यायला तिला बरेच दिवस लागले.

मामा रोज खोक्यावर बसून तिच्याकडे बघायचे. “दाखवलंस?” “नाही.” “होनोलुलूहून नवा डोळा यायची वाट बघतेस?” तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. कुस्ती बघता बघता ते पडद्याकडेच तोंड ठेवून म्हणाले, “तुला भीती वाटते ते मला कळतं. तू तिच्यासारखी नाहीस ते मला तू पाळण्यात होतीस तेव्हाच ठाऊक होतं. किलीवर सगळ्यांना ठाऊक होतं. जी म्हातारी माणसं होती त्यांना.”

“मग कुणी सांगितलं का नाही?”

“कुणाला? लिबोनला? तिच्या हातात पोर होतं आणि ती हसत होती. आम्ही तिला बऱ्याच दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं.” मामांनी काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली. “आता लाव ती कुस्ती परत, मी बोलत होतो तेवढ्यात त्या लालवाल्यानं त्याला पाडलं.”

त्या शनिवारी सकाळी एमलेन आईला पाठीला तेल लावत होती. आई अंगणात पाट घेऊन बसली होती, उन्हाकडे तोंड करून. ती सहज बोलावं तसं म्हणाली, “आता सगळ्यांची तोंडं पुसट झालीत. परवा पाळक बोलत होता, मला वाटलं दुकानदार. पण तू दिसतेस. तू आलीस की मला बघावं लागत नाही. मनात आधीच तोंड आहे.” एमलेनचा हात पाठीवर थांबला. आईच्या पाठीची कातडी ऊबदार होती, सैल झालेली, खांद्यापाशी एक जुना भाजल्याचा डाग. हिला आपण आंधळी होऊ देत होतो. डोळ्यानं नाही, आणखी कशानं तरी. आणि तेही प्रेमानं. तिला त्या डागाचं चुंबन घ्यावंसं वाटलं आणि घेतलंही, आणि आई म्हणाली, “तेल संपलं का? वेड्यासारखं काय करतेस.”

रविवारी चर्चहून आल्यावर, भात आणि खारवलेला मासा खाऊन झाल्यावर, एमलेननं दुकानातून आणलेलं यंत्र टीव्हीला जोडलं. आईची चटई पडद्याच्या इतकी जवळ सरकवली की तिचे गुडघे काचेला लागायला आले. खिडकीवर चादर टांगली.

“धूर दाखवतेस की काय,” आई म्हणाली.

“धुराच्या आधीचं आहे. आई, तुझी आई आहे त्यात.”

आईनं मांडीवर ठेवलेला एक हात दुसऱ्यात घेतला. एमलेननं टेप सोडली. चर्चचं दार आलं. माणसं बाहेर आली. बाई बाहेर आली, थबकली, मुलीला जवळ ओढून डावीकडे गेली. आईनं मान वाकडी करून उजवा डोळा पुढे केला होता, पक्षी करतात तसा. पाटी आली, गेली. बाई बाहेर आली. खोलीत टीव्हीचा बारीक गुंजारव तेवढा होता. एमलेन आईच्या मागे बसली होती. तिला आईचं तोंड दिसत नव्हतं, नुसता मानेवरचा पांढरा अंबाडा दिसत होता, आणि तो हलत नव्हता.

“परत आली,” आई म्हणाली.

“त्यांनी सगळ्यांना परत परत चालवलं होतं. मामा सांगत होते.”

“मला माहीत आहे. माझे पाय भाजले होते. मी रडले तर आईनं कडेवर घेतलं नाही, म्हणाली, फिरंग्यांसमोर रडायचं नाही.” तिचा आवाज साधा होता. “मी किती दिवस चिडले होते त्या लोकांवर, आम्हाला बकऱ्यांसारखं आतबाहेर केलं म्हणून. आणि बघ. एकदाच काढलं असतं तर एकदाच आली असती.”

बाई बाहेर आली. या खेपेला मुलीनं पोटरी खाजवली आणि आई एकदम हसली, तोंडावर हात धरून. मग हसू ओसरलं. चित्रातली बाई कॅमेऱ्याच्या बाजूला वळली होती. तिचं पूर्ण तोंड उन्हात आलं होतं. एमलेननं न सांगता चित्र थांबवलं. हे तिनं ठरवलं नव्हतं, बोट आपोआप गेलं. आई पुढे झुकली. काचेला नाक लागेल इतकी.

“नाक हेमिनाचं आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“ओठसुद्धा.”

“हो आई.”

बाहेर कुणीतरी रेडिओ लावला, बंद केला. एमलेनला वाटत होतं की आता आई वळेल, आणि मला पाहील, आणि तिच्या त्या उरलेल्या डोळ्यात मी पहिल्यांदाच एक कुणीतरी बाई असेन, लांब नाकाची. तिनं आपले दोन्ही तळहात गालांवर धरले आहेत हे तिला उशिरा कळलं.

“क्वाजालीनला धावपट्टीच्या कडेला तंबूत होतो,” आई म्हणाली, पडद्याकडेच बघत. “रोंगेरिकहून आणलं तेव्हा. आई गेल्याला थोडेच महिने झाले होते. एका सकाळी उठले आणि तिचं तोंड आठवायला गेले तर आठवेना. विमानं चढत होती, उतरत होती. मला वाटलं आवाजानं गेलं असेल, येईल परत. नाही आलं. कुणाला विचारू? माझ्या आईचं नाक कसं होतं, असं कुणी विचारतं का? कोण पोर असं विचारतं? मी गप्प बसले. मग हेमिना झाली, मी अठरा वर्षांची. जहाज लागत नव्हतं, दूध नव्हतं, ती रात्रंदिवस रडायची. तिच्या तोंडाकडे मी कधी धड बघितलंच नाही गं. ती रडली की मला वाटायचं हिला उचलून समुद्रात टाकावं. मग तू झालीस. तेव्हा जरा पोटाला होतं. तुला मांडीवर घेतलं, तू शांत होतीस, माझ्याकडे बघत होतीस, आणि मी म्हटलं, झालं. आता हेच तोंड. सगळ्यांना सांगितलं, ही माझ्या आईसारखी. कुणी नाही म्हणालं नाही.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक असणार? मला आठवतच नव्हतं तर. मी ठरवलं.” आता ती वळली. तिनं हात पुढे केला आणि एमलेनच्या गालांवरचे हात एकेक करून बाजूला काढले, जसं झोपलेल्या पोराच्या तोंडावरचं पांघरूण काढतात. “तू मला आवडलीस म्हणून तुला आईचं तोंड दिलं. आईच्या तोंडासाठी तू आवडली नाहीस. एवढी मोठी झालीस, दुकान चालवतेस, आणि हे कळलं नाही तुला.”

एमलेनला रडू आलं ते फार लहानपणचं रडू होतं, ज्याला कारण नसतं, फक्त कुणीतरी उचलून घेतल्यावर येतं. आईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, “फोन कुठे आहे?”

“कुणाला करतेस?”

“हेमिनाला. तिकडे अजून कालचा दिवस चाललाय ना, घरी असेल.”

एमलेननं आकडे फिरवून दिले. पलीकडे हेमिनाचा आवाज आला, घाबरलेला, इतका मोठा की एमलेनलाही ऐकू आला: “कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही,” आई म्हणाली. “जेवलीस का?”

पलीकडून हेमिनानं काहीतरी विचारलं.

“काही मागायचं नाहीये मला. डोळाही ठीक आहे, आहे तेवढा ठीक आहे. हेमिना, ऐक. इथे माझी आई आलीय टीव्हीत. तुझं तोंड आहे तिला. हो. नाही, थट्टा नाही. तुझंच.” आई थांबली. तिनं वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली. “मी तुला फार मारलं,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. हेमिना काय बोलली हे एमलेनला कळलं नाही. आईचं तोंड कधी मिटत होतं, कधी उघडत होतं, आणि एकदा ती म्हणाली, “बोल, बोल, मी ऐकतेय, तुझे पैसे नाही जात,” आणि एकदा, “हो, त्या पिठाच्या वेळीसुद्धा.” शेवटी ती म्हणाली, “नाताळपर्यंत थांबू नकोस.” एवढं बोलून फोन तिनं एमलेनच्या हातात दिला आणि पडद्याकडे वळली. हेमिना अजून होती. ती रडत होती, आणि रडता रडता रागावून म्हणाली, “आजीचं नाक खरंच असं आहे? बसकं?” “अगदी तुझ्यासारखं,” एमलेन म्हणाली. “मग बिचारीचं काही खरं नाही,” हेमिना म्हणाली, आणि दोघी बहिणी इतक्या वर्षांनी एकत्र हसल्या, एकमेकींच्या कानात.

फोन ठेवून एमलेन परत आली तेव्हा थांबलेलं चित्र आपोआप सुटलं होतं आणि टेप पुढे गेली होती. चर्च मागे राहिलं होतं. लोक चटया, भांडी, छपराच्या झावळ्यांचे भारे घेऊन वाळूवरून मोठ्या तोंडाच्या बोटीकडे जात होते. मग नुसतं पाणी, मग स्फोटासाठी ओळीनं उभी केलेली रिकामी जहाजं, त्यांवर बांधलेल्या बकऱ्या.

“पुढे काय आहे?” आईनं विचारलं.

“तो धूर.”

“तो नको. मागे ने.”

एमलेननं टेप मागे नेली. बकऱ्या, जहाजं, पाणी, सगळं उलटं धावलं; बोट किनाऱ्याला परत आली, लोक पाठमोरे चालत, ओझी घेऊन, चर्चकडे परत आले. आईला ते फार आवडलं. “असंच असू दे थोडं,” ती म्हणाली. मग दार आलं आणि एमलेननं सुलटं केलं. नेइमात बाहेर आली. पायरीवर थबकली. ऊन वर चढत चाललं होतं, छपराची सावली पायरीवरून मागे सरत दारात गेली होती, आणि त्या घड्याळवाल्या हातानं तिला तिथंच थांबायची खूण केली होती. घामानं तिचा फ्रॉक पाठीला चिकटला होता.

“काय वय असेल तिचं?” आईनं विचारलं.

एमलेननं मनात हिशेब केला. “सव्वीस. फार तर सत्तावीस.”

“पोरगीच की गं,” आई म्हणाली. तिचे केस पांढरे होते, पाय सुजलेले होते, आणि ती एका डोळ्यानं त्या तरुण बाईकडे अशी बघत होती जशी दारात उशिरा आलेल्या लेकीकडे कुणी बघावं. तिनं हात पुढे करून काचेवर तळवा ठेवला, बाईच्या डोक्याच्या जरा वर, आणि तसाच धरून राहिली. “किती वेळ उभी केलीय तिला. सावलीत बस म्हणावं.”